तापीकाठच्या मार्थाबाईंचा माग

खानदेशात मुद्दाम सुट्टी घालवायला कोणी जात नाही. म्हणून नाताळच्या सुट्टीतले नऊ दिवस मी पश्चिम खानदेशात काढून आले हे कळल्यावर शाळेतल्या बायकांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "तिकडे कोण तुमचं?" माझं तिकडे कोणी नाही. ज्यांचं होतं त्यांचे गुडघे आता बैलगाडीत बसण्याजोगे राहिलेले नाहीत. त्यांच्या वतीने मी गेले.

मिस ऑल्डन आमच्या मुलींच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. आता साठी उलटली आहे, नजर मंदावली आहे आणि पुण्यात लष्कर भागात दोन खोल्या घेऊन त्या एकट्या राहतात. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे जाते आणि आलेली पत्रं वाचून दाखवते. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. चौथीनंतर माझ्या वडिलांनी मला शाळेतून काढलं तेव्हा बाई लागोपाठ तीन संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या. तिसऱ्या संध्याकाळी वडील म्हणाले, "न्या एकदाची." त्यामुळे हल्लीच्या दिवसांत इंग्रज बाईचं काम करायला निघाले म्हणून माझ्या खादीधारी पुतण्याने तोंड वाकडं केलं, तरी मला त्याच्याशी वाद घालावासा वाटला नाही.

काम असं होतं. बाईंच्या वडिलांची आई, मार्था, सत्तावनच्या बंडाच्या बरीच आधी लग्न होऊन नवऱ्याबरोबर खानदेशात आली. नवऱ्याने तापीकाठी प्रकाशाजवळ जमीन घेऊन परदेशी बियाणाचा कापूस लावला. कापूस लागला नाही, आणि पाच-सहा वर्षांत तो तापाने गेला. मार्थेला दोन मुलं होती, थॉमस आणि ॲन. बंडाच्या धामधुमीत तिने त्यांना एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर विलायतेला पाठवून दिलं. ती मागोमाग येईल असं सगळे समजून होते. ती गेली नाही. वर्ष-दोन वर्षं तिची पत्रं गेली, मग तीही थांबली.

त्यातला थॉमस म्हणजे आमच्या बाईंचे वडील. ते काकांच्या घरी वाढले. "आमच्या घरात तिचं नाव निघत नसे," बाई मला म्हणाल्या. "नातेवाईक म्हणत, तिने दुसरं लग्न केलं. कोणी म्हणे, तिला मुलं नकोच होती. मी हिंदुस्थानात आले ती शिकवायला. पण खरं सांगू का अंबू, थोडी तिच्यासाठीही आले."

पुणे, मुंबई, सुरत इथल्या दफनाच्या वह्या बाईंनी वेळोवेळी तपासून घेतल्या होत्या. मार्था ऑल्डन हे नाव कुठेच नव्हतं.

"म्हणजे तिला मूठमाती द्यायला पाद्री नव्हता," बाई म्हणाल्या. "इतकंच मला कळलंय. तू जाशील?"

मी जाईन म्हणाले. सोबतीला माझे थोरले बंधू आले. दादा टपालखात्यातून निवृत्त झालेले, नोकरीची अकरा वर्षं धुळ्याकडे काढलेली, त्यामुळे त्यांना तिकडची अहिराणी समजते. मात्र माणूस फार सोवळा. पिण्याचं पाणी, चहाची पूड आणि स्टोव्ह हे सारं त्यांचं स्वतःचं, त्यांच्या स्वतःच्या पिशवीत.

प्रकाशा

नंदुरबारला गाडीतून उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. स्टेशनाबाहेरच्या मोकळ्या रानात मिरच्या वाळत घातलेल्या होत्या, आणि वारा आमच्याकडे वळला की दादा आणि मी आळीपाळीने शिंकत होतो. तिथून दमणी केली. दमणी म्हणजे तट्ट्याची टप असलेली बैलगाडी. तिच्यात गवत अंथरून वर गोधडी घातली की बसणाऱ्याला राजासारखं वाटतं, पहिले दोन कोस तरी.

प्रकाशा तापीच्या पलीकडच्या काठावर आहे. पौषातली तापी म्हणजे अर्धी नदी आणि अर्धी वाळू. वाळूत लोकांनी टरबुजांचे वाफे केले होते आणि बायका घागरींनी वेलांना पाणी घालत होत्या. पाण्याच्या मधोमध आमचं एक चाक वाळूत रुतलं. गाडीवान खाली उतरला, दादा उतरले, मीही लुगडं खोचून उतरले. चाक निघालं, पण त्या हिसक्यात दादांची पिशवी पाण्यात पडली. स्टोव्ह वाचला, चहाची पूड तापीमाईला गेली.

गावाला लोक दक्षिण काशी म्हणतात. घाटावर देवळं, देवळांत घंटा, पायऱ्यांवर लांबून आलेली माणसं. गोमाई तिथे तापीला मिळते. आमच्याकडे संगम म्हटला की गर्दी आणि ओरडा. इथे संगमावर एक म्हातारा लंगोटी धूत होता आणि चार बगळे उभे होते.

कापूसवाल्या साहेबाची चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवलं. ते काशिनाथ बापू पाटलांचं घर. बापू पंचाहत्तरीचे, अंगाने उंच, कानात भिकबाळी. त्यांनी ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, पण चेहरा आवळलेला होता.

"सरकारनं काम शे का?" त्यांनी विचारलं.

"सरकारचं नाही," दादा म्हणाले. "पुण्याला एक म्हातारी बाई आहे. त्या साहेबाची नात. तिला तिची आजी कुठे गेली तेवढं कळायला हवंय."

"जमिनीनं काही नही?"

"जमिनीचं काही नाही."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ते भिंतीला टेकून बसले. "मंग निवांत बठा," ते म्हणाले. "मी म्हनं, साहेबनी जमीन आते मन्हाकडे शे, तीच मांगाले कोनी उनं व्हई."

नंतर कळलं की साहेबाच्या मागे ती जमीन बापूंच्या वडिलांनी रीतसर विकत घेतली होती. त्याआधी ते साहेबाच्या गाड्या हाकत. बापूंनी आम्हाला शेतावर नेलं. साहेबाच्या बंगल्याची एक वीटही उरलेली नाही, एका पुरात सगळा गेला. उरली आहे ती फक्त विहीर. तिच्यापुढे कपाशीच्या मधोमध एका खोलीएवढी जागा न नांगरलेली, आणि तिच्यात दोन थडगी, एक मोठं आणि एक वीतभर.

"बाप सांगी गया, आठे नांगर घालानं नही," बापू म्हणाले.

मोठ्या दगडावरचं शेवाळ मी पदराने पुसलं. त्यावर बाईंच्या आजोबांचं नाव होतं. लहान दगडावर एका मुलीचं नाव आणि खाली 'वय अकरा दिवस'. या मुलीबद्दल बाईंना काहीच ठाऊक नव्हतं. मी दोन्ही दगडांवरची अक्षरं कागदावर उतरवून घेतली.

"आणि मडम?" मी विचारलं. "तिचं थडगं कुठे?"

"मडम आठे नही. ती निंघी गयी."

"विलायतेला?"

"गाव असंच समजे, ती सुरतले गयी नि तठून विलायतले," बापू म्हणाले. "पन गाडी मन्हा बापनी हाकेल व्हती. त्यानी तिले सुरतले नेयंच नही. चिंचपाडाना पुढे डोंगरमा एक पाडा शे, पिंपळपाडा. तठे उतारी दिन्हं. तिनी दाई व्हती ना, रुपली, तिनं गाव व्हतं ते."

मी तिथे उभी राहून विचार करत राहिले. मुलं विलायतेला पोचलेली, नवरा या मातीत गेलेला. चाळिशीही न गाठलेली इंग्रज बाई गाडी करते आणि मुलांकडे जायचं सोडून आपल्या दाईच्या पाड्यावर जाऊन उतरते. कशासाठी?

"बापू, ती तिकडे का गेली?"

बापूंनी कपाशीचं एक बोंड तोडलं आणि ते सोलत राहिले. "तिनं अंगले बरं नही व्हतं," ते शेवटी म्हणाले. "बाप इतलंच सांगे. चला, भाकर खाई ल्या."

जेवायला कळण्याची भाकरी होती. ज्वारीत उडीद घालून दळतात आणि हातावर थापून तव्याएवढी करतात. तिच्यावर वांग्याचं भरीत. हे भरीत आपल्या पुणेरी भरताचं कोणी लागत नाही. वांगी तुऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायची, हिरव्या मिरच्यांबरोबर बडजी नावाच्या लाकडी पात्रात कुटायची आणि वरून कच्चं तेल. मला पहिल्या घासाला ठसका लागला आणि दुसऱ्या घासाला आणखी हवं असं वाटलं. बापूंच्या सूनबाई दाराआडून हसत होत्या. "आवडनं का ताई?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पानात आणखी एक डाव वाढला.

निघताना बापूंनी दादांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. नदी ओलांडताना दादांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. मग म्हणाले, "त्या पाड्यावर कोणाच्या घरचं पाणी पिऊ नका, असं म्हणाला."

"का?"

"ते नाही सांगितलं. आणि मी विचारलं नाही."

डोंगराच्या वाटेने

चिंचपाड्याला आगगाडीतून उतरलो तेव्हा भाषाच बदलली. प्रकाशाची अहिराणी दादांना येत होती. इथे डोंगरातल्या माणसांची कोकणी, किनाऱ्यावरच्या कोकणीहून अगदी निराळी, आम्हा दोघांनाही काही उमगेना. पण दैव चांगलं. स्टेशनावर चौकशी करताना दानिएल मास्तर भेटले. पस्तिशीचा, सडपातळ, अनवाणी माणूस. जात कोकणी, धर्म ख्रिस्ती, जवळच्या वस्तीत चार इयत्तांची शाळा चालवतात. त्यांचं मराठी थेट क्रमिक पुस्तकातून आलेलं. "आपण कोठून आगमन केलेत?" त्यांनी विचारलं, आणि दादांसारखा करडा माणूसही खुलला.

पिंपळपाडा म्हटल्यावर मास्तरांनी लगेच ओळखलं. "तेथे बुधीआजी राहतात. रुपलीची धाकटी कन्या. मडमबाईंना पाहिलेले आता त्या एकट्याच आहेत. उद्या शाळेस सुट्टी आहे, मी स्वतः येतो."

सकाळी पायीच निघालो. सागाची पानं पडायला लागली होती, त्यांच्यावरून चालताना पापड मोडल्यासारखा आवाज येई. वाटेत माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. मास्तरांनी पळसाच्या मुळीचा दोर काढून तो असा बांधून दिला की ती वहाण मी पुण्यापर्यंत वापरली. त्या डोंगरांत घरं एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येकाचं घर आपल्या शेतात, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं लांब. आमच्या वाड्यात शेजारणीने कढी फोडणीला टाकली तर तिखट किती पडलं तेही कळतं. इथे माणसाला माणसापासून सुटायला जागा आहे, असं मनात आलं.

बुधीआजी अंगणात नागली, म्हणजे आपली नाचणी, पाखडत होत्या. वय सत्तरीचं असावं. पाठ ताठ, केस पांढरेशुभ्र. मास्तरांनी आम्ही कोण ते सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि मला बराच वेळ न्याहाळलं. मग काही बोलल्या.

"त्या विचारतात, मुलांनी पाठवले काय?" मास्तर म्हणाले.

"मुलाच्या मुलीने," मी म्हणाले.

बुधीआजींनी मान हलवली आणि आम्हाला ओटीवर बसायला सांगितलं. पुढचं सगळं त्या त्यांच्या बोलीत बोलल्या आणि मास्तरांनी मराठीत सांगितलं. मी इथे माझ्या शब्दांत देते.

बुधीआजींची आई रुपली तरुणपणी साहेबाच्या बंगल्यावर दाई होती. एकदा मडमबाईंनी चुलीवरचं पातेलं उघड्या हाताने उचललं. हात भाजून वास सुटला तरी त्यांना कळलं नाही. रुपलीने ओरडून पातेलं सोडायला लावलं. तेव्हा साहेब हयात होता. नंतर पाठीवर चट्टे उठले, मग करंगळ्या वाकल्या. रुपलीने हे तिच्या डोंगरात पाहिलेलं होतं. तिने मडमबाईंना सांगितलं आणि मडमबाईंनी तिला कोणाला न सांगण्याची शपथ घातली.

"रगतपिती," बुधीआजी म्हणाल्या. महारोगाचं हे नाव मास्तरांना मराठीत सांगावं लागलं नाही.

दादा उठले. ते अंगण ओलांडून एका झाडाखाली जाऊन बसले. मी बसून राहिले, पण माझेही पाय मी नकळत जवळ ओढून घेतले होते.

मुलं गेल्यावर सहा महिन्यांनी मडमबाई पाड्यावर आल्या. गावाने त्यांना ओहोळापलीकडे झोपडी बांधून दिली. रुपली रोज ओहोळातल्या एका खडकावर भाकरी ठेवी. ती अलीकडे आली की मडमबाई येऊन घेत. बापूंचे वडील कापसाच्या हंगामानंतर येत आणि विलायतेहून आलेली पत्रं त्याच खडकावर ठेवून जात. पहिली दोन वर्षं मडमबाईंनी उत्तरं दिली. मग बोटांत लेखणी ठरेना.

"दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेता आलं असतं," मी म्हणाले. "काय झालंय ते कळवता आलं असतं."

मास्तरांनी विचारलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मास्तरांनी दोनदा विचारून नीट समजून घेतलं. "यांच्या आईनेही हेच विचारले होते. त्यावर मडमबाई म्हणाल्या, आई मेली असे वाटले तर मुले रडतील आणि मोठी होतील. आई सडते आहे असे कळले तर त्या मुलांना कोणी घरात घेणार नाही, आणि मुलीचे लग्न होणार नाही."

अशा मडमबाई पाड्यावर पंचवीस-तीस वर्षं राहिल्या. हळूहळू खडकाची शिस्त ढिली झाली. पाड्यावरच्या बायका ओहोळाच्या अलीकडे बसून त्यांच्याशी बोलत. त्यांना कोकणी चांगली येई. कोणाचं मूल आजारी पडलं तर काय करायचं ते त्या पलीकडून सांगत. मुलांना मात्र त्या कधी जवळ येऊ देत नसत. बुधी लहानपणी एकदा ओहोळ ओलांडून गेली तेव्हा मडमबाईंनी काठी उगारली. बुधी घाबरून परतली आणि मागे वळून पाहिलं तर मडमबाई काठी टाकून खाली बसल्या होत्या.

"दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं," बुधीआजी म्हणाल्या. "ओहोळाच्या अलीकडे बस म्हणाल्या. पलीकडे त्यांनी राख पसरली आणि काठीने काढून दाखवलं. तसंच मला इकडे काढायला सांगितलं. रोज तेच. नीट आलं की हसायच्या."

"काय काढायला?"

बुधीआजी उठल्या. चुलीतली राख त्यांनी सुपात घेतली, अंगणात ओतली आणि हाताने सारखी केली. मग एक काडी घेऊन, जीभ दातांत धरून, सावकाश रेघा ओढू लागल्या. मी वाकून पाहिलं. ती इंग्रजी अक्षरं होती. कुठे उलटी, कुठे तोल गेलेली, पण वाचता येत होती. वर 'थॉमस', खाली 'ॲन'.

"हा मंत्र आहे," बुधीआजींचं म्हणणं मास्तरांनी सांगितलं. "घरात कोणी आजारी पडले की त्या चुलीपुढे हा काढतात. याचा अर्थ मात्र त्यांना ठाऊक नाही."

मास्तरांनाही इंग्रजी येत नव्हतं. दोघं माझ्याकडे पाहत राहिली.

"ही तिच्या मुलांची नावं आहेत," मी म्हणाले.

मास्तरांनी ते सांगितलं. बुधीआजी राखेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी एका अक्षरावर काडी टेकवून विचारलं, यातला मुलगा कुठला आणि मुलगी कुठली. मी दाखवलं. त्यांनी 'ॲन' पुन्हा एकदा काढलं, या वेळी अक्षरं न चुकता.

जेवायची वेळ झाली होती. बुधीआजींच्या सुनेने नागलीची काळसर भाकरी आणि उडदाची दाट डाळ पुढे ठेवली, आणि पितळी पेला भरून पाणी. खरं सांगते, तो पेला हातात घेऊन मी थांबले. बापूंचं सांगणं आठवलं. बुधीआजींच्या ते लक्षात आलं. त्या रागावल्या नाहीत.

"त्या म्हणतात," मास्तर खाली पाहत म्हणाले, "मडमबाईंचे भांडे वेगळे होते, ते त्यांच्याबरोबरच पुरले. हा पेला त्यांचा स्वतःचा आहे."

मला माझी शरम वाटली. मी पेला रिकामा केला आणि आणखी पाणी मागितलं. डाळ चविष्ट होती, नुसतं मीठ आणि लसूण. दादांनी झाडाखाली घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या.

मग आम्ही ओहोळापलीकडे गेलो. झोपडीची जागा आता ओळखू येत नाही. एका मोहाच्या झाडाखाली दगडांची रास होती. मडमबाई पावसाळ्याच्या तोंडावर गेल्या; रुपलीने आणि तिच्या भावाने त्यांना इथे पुरलं. कोणी पाद्री नव्हता, आणि तो बोलवावा असं कोणाला सुचलंही नाही. पाड्याचे सगळे मृत त्याच बाजूला आहेत. नवं धान्य आलं की प्रत्येक घरचं माणूस आपल्या पूर्वजांच्या नावाने दोन दाणे टाकतं. मडमबाईंचे दाणे रुपलीच्या घरातून पडतात. आपण पितृपक्षात पत्रावळी मांडतो, तिथी पाहतो, भटजी बोलावतो. या बाईची तिथी कोणाला ठाऊक नाही, पण तिचे दाणे एकाही वर्षी चुकलेले नाहीत.

मी त्या राशीवर एक दगड ठेवला. मागे वळून पाहिलं तर दादा ओहोळाच्या अलीकडे येऊन उभे होते. टोपी काढून.

परत

परतीच्या गाडीत दादांनी विषय काढला. "बाईंना काय सांगणार?"

"जे आहे ते."

"अंबू, म्हातारं माणूस आहे. ताप आला आणि गेली असं सांग. रोगाचं नाव घेऊ नकोस. अशा गोष्टी घराण्याला चिकटतात."

"तिनेही हाच विचार केला होता, दादा," मी म्हणाले. "म्हणून मुलांना आई वाईट वाटली."

दादा खिडकीबाहेर पाहू लागले. नवापूरच्या बाजूचे डोंगर मागे पडत होते. मग ते म्हणाले, "मी पाणी प्यायला हवं होतं." मला तरी ते कुठे सहज जमलं होतं?

पुण्याला पोचल्यावर गुरुवारची वाट न पाहता मी लष्करात गेले. दुपारचे चार वाजले होते. बाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी दगडांवरची अक्षरं वाचून दाखवली, अकरा दिवसांच्या मुलीची सुद्धा. मग पिंपळपाडा, खडक आणि राख. रोगाचं नाव मी घेतलं. बाईंनी मला मध्ये एकदाही थांबवलं नाही. पातेल्याचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी विचारलं, "हे मुलं इथे असतानाचं? नक्की?"

"नक्की. तेव्हा तुमचे आजोबा हयात होते."

बाई आपल्या दोन्ही हातांकडे पाहत बसल्या. त्यांना ते नीट दिसत नाहीत हे मला ठाऊक आहे.

"माझे वडील तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगत," त्या म्हणाल्या. "तीही मी एकदाच ऐकली, त्यांच्या शेवटच्या आजारात. ते सात वर्षांचे होते. गाडी दाराशी उभी होती. सगळे नोकर येऊन मुलांना भेटले, गाडीवानानेसुद्धा गाल कुरवाळले. धाकटी ॲन आईकडे हात पसरून रडत होती. आणि आई विहिरीच्या पलीकडे उभी राहिली. दोन्ही हात शालीत गुंडाळलेले. गाडी हलली तरी ती जवळ आली नाही. वडील म्हणाले, आम्ही तिला इतके नकोसे झालो होतो की तिने आम्हाला हातही लावला नाही."

व्हरांड्यात माळी कुंड्यांना पाणी घालत होता.

"ते याच समजुतीत गेले," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खुर्चीच्या हाताला धरून पाठ सरळ केली, पूर्वी वर्गात शिरताना करायच्या तशी. "पण ॲनआत्या अजून आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. समुद्राकाठी मुलीकडे असतात. कागद घे, अंबू."

मी आतून कागद आणि दौत आणली. बाई इंग्रजीत सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. एरवी त्यांच्या पत्रात आधी हवा, प्रकृती आणि चर्चमधल्या बातम्या असतात. या पत्रात त्यांनी त्यातलं काही घातलं नाही.

"प्रिय आत्या," त्यांनी सांगितलं, "त्या दिवशी तुझ्या आईने तुला उचलून का घेतलं नाही, ते मला आज कळलं."